बेडसोरची घरची शुश्रूषा: आधी दाब काढा, मग ड्रेसिंग करा

पक्षाघात झालेला, खुब्याचं हाड मोडलेला किंवा मणक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो. काही दिवसांतच माकडहाडावर रुपयाएवढा काळपट डाग दिसतो. हाच बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणतं मलम लावायचं?’ त्याआधी विचारायला हवं ते असं की, त्या जागेवरचा भार कधी उतरला होता? जखमेवर झोपलेल्या माणसाला कितीही महागडी पट्टी लावली तरी ती भरत नाही. या लेखात ड्रेसिंगची सगळी कृती आहे, पण तिच्याआधी कूस बदलणं आणि गादी यांच्यावर बरंच लिहिलं आहे. ते सोडून थेट ड्रेसिंगवर जाऊ नका.

जखम होते कशी

गादी आणि हाड यांच्यामध्ये कातडी व मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त पोचत नाही. दाब सर्वांत जास्त हाडाजवळ असतो, म्हणून नासाडीची सुरुवात बऱ्याचदा आतून होते. वर दोन बोटांएवढा डाग आणि आत वाटीएवढी पोकळी, हे त्यामुळेच. वरून जखम लहान दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरं कारण घसरण. पाठीमागे उशा रचून रुग्णाला बसवलं की तो हळूहळू पायाकडे सरकतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं. आतल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. तिसरं कारण ओल. घाम, लघवी आणि शौच यांनी भिजलेली कातडी भिजल्या कागदासारखी फाटते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40च्या वर जातो, त्या दिवसांत रेक्झिनच्या तुकड्यावर झोपवलेल्या रुग्णाची पाठ तासाभरात ओलीचिंब होते.

कुठे आणि कसं तपासायचं

उताणा झोपणाऱ्याचं माकडहाड, त्याच्या वरचं सपाट हाड, दोन्ही टाचा, खांद्याची पाती, कोपरं आणि डोक्याचा मागचा भाग. कुशीवर झोपणाऱ्याचा खुबा, घोट्याची बाहेरची बाजू, गुडघ्यांच्या आतल्या बाजू आणि कान. खुर्चीत बसणाऱ्याची बसण्याची हाडं. यांच्याशिवाय जिथे काही टेकलेलं आहे ती प्रत्येक जागा बघावी: ऑक्सिजनच्या नळीखालचा कान, रायल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीच्या) पट्टीखालचं नाक, मांडीखाली अडकलेली लघवीची नळी.

रोज सकाळी अंग पुसताना आणि रात्री कूस बदलताना, दिवसातून निदान दोनदा बघा. पुस्तकात ‘लाली दिसते’ असं लिहिलेलं असतं, पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली सहजासहजी दिसत नाही. दिवसाच्या उजेडात किंवा टॉर्च लावून शेजारच्या कातडीशी ताडून बघावं. जागा जांभळट किंवा जास्त काळी दिसते का, हाताला गरम लागते का, टणक लागते की पिकलेल्या फळासारखी मऊ, रुग्ण तिथे हात लावू देतो का? उजळ कातडी असेल तर बोटाने 3 सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर रंग फिका पडून परत आला तर रक्त फिरतं आहे. फिका पडलाच नाही तर ती बेडसोरची पहिली पायरी.

पुढच्या पायऱ्या थोडक्यात. दुसऱ्या पायरीत वरची कातडी सोलली जाते किंवा फोड येतो. तिसरीत चरबीपर्यंत खड्डा पडतो. चौथीत स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) किंवा हाड दिसतं. तळ पिवळ्या थराने किंवा काळ्या खपलीने झाकलेला असेल तर खोली कळत नाही, आणि पायरीही ठरवता येत नाही. कातडी न फाटता आलेला गडद जांभळा डाग साधा समजू नका. तो आतली नासाडी दाखवतो आणि काही दिवसांत उघडा पडू शकतो.

एक गल्लत नेहमी होते. लघवी-शौचाने जळलेली कातडी म्हणजे बेडसोर नव्हे. ती हाडावर नसते, घडीत आणि जांघेत पसरते, कडा पुसट असतात आणि जखम वरवरची असते. तिला डायपर बदलणं, कोमट पाण्याने धुणं आणि झिंक ऑक्साइडचं मलम लागतं. दोन्ही एकाच रुग्णात एकत्रही सापडतात.

कूस बदलणं

साधारण नियम दर दोन तासांनी. पण घड्याळापेक्षा कातडी बघावी. कूस बदलल्यावर दाबल्या गेलेल्या जागेवरचा डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या रुग्णाला दोन तास जास्त होतात. दीड तासावर या. चांगल्या फोमच्या गादीवर कातडी निर्धोक राहत असेल तर रात्री अंतर थोडं वाढवता येतं. ते परिचारिकेशी बोलून ठरवा, मनाने नको.

वेळापत्रक भिंतीवर लावा. वेळ, कूस आणि सही असे तीन रकाने पुरतात. सही यासाठी की ‘मला वाटलं तू वळवलंस’ हे संवाद थांबावेत. एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर पाळ्या बदलणाऱ्या सोलापूरला वेळेची शिस्त नवी नाही. आता भोंग्याऐवजी मोबाइलचा गजर लावायचा, इतकंच.

जखम माकडहाडावर असेल तर उताणं झोपवणं यादीतून बाद. डावी कूस, उजवी कूस, परत डावी. डाव्या खुब्यावर जखम असेल तर डावी कूस बाद. हे सांगायला सोपं आहे, पण रुग्ण ‘मला उताणंच बरं वाटतं’ म्हणतो आणि घरचे ऐकतात. सगळा उपचार तिथे वाया जातो.

वळवण्याची रीत अशी. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला तुम्ही उभे राहा. रुग्णाचा पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात छातीवर घ्या. एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे. सांगून, एक-दोन-तीन म्हणून, आपल्याकडे वळवा. पाठीमागे उशी किंवा घट्ट गुंडाळलेली रजई द्या आणि रुग्णाला तिच्यावर थोडं मागे टेकू द्या. पूर्ण 90 अंशांच्या कुशीत सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून तिरकस साधारण 30 अंश ठेवायचं. तपासायचं कसं? हात आत घालून बघा. माकडहाड गादीला टेकलेलं नसावं, खुब्याचं हाडही नसावं. भार नितंबाच्या मांसल भागावर असावा. खालचा खांदा किंचित पुढे ओढा, गुडघ्यांमध्ये उशी द्या आणि घोट्यावर घोटा येऊ देऊ नका.

टाचांसाठी पोटऱ्यांखाली लांबट उशी ठेवा. टाच हवेत तरंगली पाहिजे. कागद सरकवून बघा, तो सहज गेला पाहिजे. उशी फक्त घोट्याखाली ठेवली तर भार तिथेच येतो. गुडघा किंचित वाकलेला असू द्या. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवण्याची पद्धत अजून बऱ्याच वॉर्डांत दिसते, पण ती चुकीची आहे. पाणी बाजूला सरकतं आणि टाच गादीला टेकते. भोकाची गोल उशी आणि टायरची ट्यूब यांचंही तेच: मधली जागा मोकळी राहते, पण कडेवरच्या दाबाने तिला येणारं रक्त अडतं.

वर सरकवताना रुग्णाला काखेत धरून ओढू नका. इथे सोलापुरी चादर कामाला येते. तिचं जाड कापड दोन माणसांच्या हातात तग धरतं. खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत येईल अशी आडवी घालायची, दोन्ही बाजूंनी कडा अंगाजवळ गुंडाळून मुठीत धरायच्या, पलंग सपाट करून एकदम उचलायचं आणि वर ठेवायचं. घासत न्यायचं नाही. काम झालं की चादर काढून घ्या. ती अंगाखाली घडी करून ठेवली तर तिची उभार वीण आणि घड्या पाठीत रुततात. अंगाखाली फक्त एक पातळ, धुऊन मऊ झालेलं सुती कापड असावं. त्यावर शेंगदाण्याच्या चटणीचे कण आणि कडक भाकरीचे तुकडे राहू देऊ नका. जेवणानंतर हात फिरवून बघावं, डोळ्यांना ते दिसत नाहीत.

पाठ 30 अंशांपेक्षा जास्त वर ठेवली की घसरण सुरू होते. पण जेवताना माणसाला नीट बसवावंच लागतं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. मधला मार्ग: जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास वर, गुडघ्यांखाली उशी, मग खाली. रायल्स ट्यूब असेल तर फीडनंतर किती वेळ वर ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.

खुर्चीत बसणाऱ्याने जमत असेल तर दर 15 मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलावं किंवा पुढे-बाजूला झुकावं. बसण्याच्या हाडावर किंवा माकडहाडावर जखम असताना बसणं दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी तासाभराच्या आत.

गादी

कापसाची जुनी गादी गाठाळते, आणि गाठ नेमकी माकडहाडाखाली येते. 4-5 इंचांचा दाट फोम घ्या. अंदाज घ्यायची सोपी रीत आहे: रुग्ण झोपलेला असताना गादीखालून, त्याच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात वर करून ठेवा. हाताला हाड जाणवलं किंवा मध्ये इंचभर जाडी उरली नसेल तर ती गादी बाद.

हवेची गादी, जिचे कप्पे पंपाने आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, सर्जिकल दुकानात विकत मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही मिळते. बुडबुड्यांच्या गादीपेक्षा आडव्या नळ्यांची जास्त टिकाऊ आणि जाड रुग्णाला जास्त चांगली. पंपावरची चकती वजनाप्रमाणे लावायची; अंदाजे लावून ‘टम्म’ फुगवली तर ती लाकडासारखी होते. तिच्यावर रजई, प्लास्टिक, दोन-दोन चादरी घातल्या की आतली भरणं-रिकामी होणं अंगाला पोचतच नाही. वीज गेली की साध्या गाद्या हळूहळू बसतात, आणि रुग्ण फळीवर येतो. म्हणून हवेच्या गादीखाली फोम हवाच, आणि पंप इन्व्हर्टरवर जोडून ठेवा; त्याला वीज फार लागत नाही. आणखी एक: हवेची गादी घेतली म्हणून कूस बदलणं बंद होत नाही. असं सांगून गादी विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ओल टाळण्यासाठी लघवी-शौच झाल्याबरोबर साफ करा, पुढून मागे. टॉवेलने घासू नका, टिपा. बोअरच्या जड पाण्यात धुऊन उन्हात वाळलेला टॉवेल काथ्यासारखा होतो. अंग टिपायला जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा बरा. पावडर लावू नका, ती घामात गुठळ्या होऊन घासते. लाल झालेल्या जागेवर मालिशही नको, आतलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं.

ड्रेसिंगची तयारी

घरी पूर्ण निर्जंतुक पद्धत शक्य नसते, आणि बहुतेक जुन्या बेडसोरला तिची गरजही नसते. स्वच्छ पद्धत पुरते. हाड उघडं असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र परिचारिकेनेच करावं.

सामान: नॉर्मल सलाईन (0.9 टक्के), हातमोज्यांच्या दोन जोड्या, निर्जंतुक गॉज (जाळीदार सुती कापड), 20 किंवा 50 मिलीची सिरींज, हिरवा 18 नंबरचा कॅन्युला (शिरेत सलाईन लावायची सुई-नळी), जखम मोजायला मोजपट्टी, कापूस लावलेली लांब काडी, पेपर टेप, कचऱ्याच्या दोन पिशव्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मुख्य ड्रेसिंग. सलाईनची बाटली उघडल्यापासून 24 तासांत संपवा, उरलेली टाका. बाटली मिळालीच नाही तर एक लिटर पाणी 20 मिनिटं उकळून त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, झाकून थंड करा आणि त्याच दिवशी वापरा. बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही आणि पाणी साठवलेलं असतं, म्हणून उकळण्यात कसर नको. सलाईन अंगाइतकं कोमट करा, बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून. थंड सलाईनने जखम गार पडते आणि भरण्याचं काम मंदावते.

डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं असेल तर ते अर्धा ते एक तास आधी. ड्रेसिंग जेवणाच्या वेळेला लावू नका. पंखा बंद करा, घर झाडल्यावर लगेच नको.

ड्रेसिंगची कृती

1. साबणाने हात 40 ते 60 सेकंद धुवा. अंगठ्या, बांगड्या काढा. मोजे घाला. रुग्णाला कुशीवर घ्या, अंगाखाली जुनं कापड ठेवा.

2. जुनी पट्टी कडेपासून, कातडीला समांतर, केसांच्या दिशेने सोडवा. चिकटली असेल तर सलाईन ओतून दोन-तीन मिनिटं थांबा. ओढून काढलेल्या गॉजबरोबर आठवडाभर उगवलेलं कोवळं मांस निघून येतं, आणि आपणच जखम मागे नेतो.

3. पट्टीत किती आणि कसला स्राव आहे ते पाहा. वास आत्ता नोंदवू नका. जुन्या पट्टीला थोडा वास असतोच. तो धुतल्यानंतर बघायचा.

4. मोजे बदला. सिरींजला 18 नंबरच्या कॅन्युलाची, म्हणजे हिरव्या कॅन्युलाची, फक्त प्लास्टिकची नळी लावा. धातूची सुई काढून टाका. जखमेपासून 2-3 सेंमीवरून, स्वच्छ भागापासून घाण भागाकडे, बऱ्यापैकी जोराने फवारा मारा. नुसतं ओतलं तर घाण सुटत नाही, फार जोर केला तर मांस दुखावतं. लहान जखमेला 100 मिली, खोल मोठीला 250 ते 500 मिली. खाली येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा. पोकळीत गेलेलं पाणी बाहेर येतंय ना, हेही बघा.

5. आठवड्यातून एकदा मोजा. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी आडवी, खोली कापसाच्या काडीने. काडी आत अलगद सोडायची, जिथे थांबते तिथे कातडीच्या पातळीवर बोटाने धरून मोजपट्टीवर मोजायची. कडेखाली पोकळी असेल तर तिची जागा घड्याळाप्रमाणे लिहा: डोकं म्हणजे 12, पाय म्हणजे 6. उदाहरण: ‘3 ते 5, 2 सेंमी’. त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढा.

6. आजूबाजूची कातडी टिपून कोरडी करा. जखमेच्या भोवती, आत नव्हे, पातळ थर झिंक किंवा व्हॅसलिनचा द्या. पण जिथे टेप चिकटवायची ती जागा सोडा.

7. पोकळी हलक्या हाताने भरा. गॉज सलाईनमध्ये भिजवून पिळायचा, ओलसर राहील इतकाच. उलगडून सैल सोडायचा. घट्ट कोंबला तर आतूनच दाब तयार होतो. सलग एकच लांब तुकडा वापरा आणि त्याचं टोक बाहेर ठेवा. एकापेक्षा जास्त तुकडे घातले असतील तर मोजून टेपवर लिहा. विसरलेला गॉजचा तुकडा महिनोन्‌महिने जखम वाहती ठेवतो.

8. वर कोरडा जाड पॅड, मग पेपर टेप. टेप ताणून लावायची नाही, मध्यापासून बाहेर दाबत जायचं. माकडहाडावर आधी नितंबांच्या खाचेत पट्टी बसवून मग बाजूंना चिकटवा, नाहीतर शौच आत जातं. तारीख आणि वेळ टेपवर.

9. कूस बदलून जखमेवरचा भार काढा. हेही ड्रेसिंगचंच काम आहे.

जखम बघून पट्टी

एकच पट्टी सगळ्या पायऱ्यांना चालत नाही, आणि जखम बदलली की पट्टीही बदलते. दुसऱ्या पायरीची उथळ, फारसा स्राव नसलेली जखम असेल तर हायड्रोकोलॉइडची चिकट पट्टी. जखमेपलीकडे सगळीकडे 2-3 सेंमी जाईल अशी कापायची आणि 3 ते 7 दिवस ठेवायची. ती काढल्यावर आत पिवळट, वास येणारा घट्ट द्रव दिसतो. तो पू असतोच असं नाही, बऱ्याचदा पट्टीच विरघळलेली असते. धुऊन मग ठरवा. संसर्ग असेल तर ही पट्टी नको. टाचेवर आणि मध्यम स्रावाच्या जखमेवर फोमची पट्टी बरी. स्राव फार असेल तर आल्जिनेट, जे शैवालापासून बनतं आणि ओल शोषून जेलसारखं होतं. कोरड्या जखमेवर मात्र ते चिकटून बसतं. कोरडा, पिवळा थर असेल तर हायड्रोजेल, तो थर मऊ करून सुटायला मदत करतं. चांदीयुक्त पट्टी संसर्गाच्या लक्षणांवर साधारण दोन आठवडे, कायमची नव्हे.

नुसतं सलाईन गॉज परवडणारं आणि चांगलं, फक्त एकाच अटीवर: ते वाळता कामा नये. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सकाळी भरलेलं गॉज दुपारपर्यंत खडखडीत होतं. म्हणून वर पॅराफिन गॉजचा (मेणकट, न चिकटणाऱ्या जाळीचा) थर आणि जाड पॅड, आणि दिवसातून दोनदा बदलणं. ‘ओलं घालायचं, वाळल्यावर ओढून काढायचं’ ही जुनी पद्धत मेलेल्या मांसाबरोबर जिवंतही काढते. लाल दाणेदार मांस दिसू लागल्यावर ती थांबवा.

आमच्या मते घरांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे रोज बेटाडीन (पोव्हिडोन आयोडिन). स्वच्छ, लाल, भरत असलेल्या जखमेवर पोव्हिडोन आयोडिन नव्या पेशी मारतं. घाण आणि संसर्ग असताना डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितलं तर ठीक. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान मिळतं, पण तोही पेशी मारतो आणि खोल पोकळीत ओतल्यास वायू रक्तात जाण्याचा धोका असतो. अँटिबायोटिक पावडरची खपली जमते आणि खाली पू साठतो. हळद, तुरटी, राख यांपैकी काही नको. मधाचा उपयोग होतो, पण वैद्यकीय वापरासाठी निर्जंतुक केलेल्याचा. स्वयंपाकघरातल्या बरणीतला नाही.

पिवळा थर किंवा काळी खपली घरी ब्लेडने कापू नका, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर. ते काम सर्जनचं. टाचेवरची कोरडी, घट्ट, न हलणारी काळी खपली असेल तर तिला कोणीच हात लावू नये, ती आवरणासारखं काम करते. ती मऊ पडली, भोवती लाली आली, पाणी सुटलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

वास खूप येत असेल तर आधी मेलेलं मांस काढून घ्यावं लागतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलचं जेल किंवा गोळीची पूड जखमेत टाकतात. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णात जखम भरणं हे ध्येय नसतं. वास, स्राव आणि वेदना कमी करणं हेच. तिथे दर दोन तासांचा हट्ट धरून दुखावण्यापेक्षा रुग्णाला सोसेल तितकंच करा.

कचऱ्याचं: गॉज कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत बांधा आणि घंटागाडीवर डायपरसारखा वेगळा द्या. कॅन्युलाची सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण लावून ती दवाखान्यात परत करा. गाडीवरच्या माणसाच्या हाताला सुई टोचली तर ते आपलं पाप.

अन्न

स्रावातून प्रथिनं वाहून जातात, आणि पोटातून आलं नाही तर मांस भरत नाही. जखम असताना रोज वजनाच्या प्रत्येक किलोला 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं आणि 30 ते 35 कॅलरी लागतात. 50 किलोच्या माणसाला 62 ते 75 ग्रॅम प्रथिनं. सोलापूरच्या ताटातून ती येतात: अर्धा लिटर दूध 16, दोन अंडी 12, दोन वाट्या घट्ट डाळ साधारण 14, तीन ज्वारीच्या भाकरी 15-16, मूठभर शेंगदाणे (30 ग्रॅम) 7-8. अंडी चालत नसतील तर 25 ग्रॅम सोया वड्या, त्यात 13. शेंगदाण्याची कोरडी चटणी गिळायला त्रास असणाऱ्याला नुसती देऊ नका, ठसका लागतो. दह्यात किंवा ताकात कालवा. भाकरी दुधात कुस्करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणल्याशिवाय जखम भरणार नाही. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. पेरू, लिंबू, आवळा रोज थोडा. पाणी आणि ताक उन्हाळ्यात वाढवा, हृदय-मूत्रपिंडाची बंधनं नसतील तर. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि कातडी जळते.

केव्हा थांबू नये

ताप, थंडी, अचानक भ्रमिष्टपणा किंवा गुंगी, भोवतीची लाली पसरत जाणं, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवणं, हिरवट पू, हाड दिसणं, न थांबणारा रक्तस्राव. यांपैकी काहीही असेल तर रात्र काढू नका. सोलापुरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे शस्त्रक्रिया विभाग आहे. मणक्याच्या रुग्णाला मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या मणक्यांची इजा असेल तर अचानक कपाळ फुटल्यासारखं दुखणं, घाम आणि वाढलेला रक्तदाब हीसुद्धा आणीबाणी आहे. आधी बसवा, मग लघवीची नळी अडकली आहे का बघा.

घाई नसली तरी दोन आठवड्यांत मापात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवाच. आतलं हाड सडलं आहे का, साखर वाढली आहे का, भार खरोखर उतरतोय का, हे तेव्हा तपासतात. मोठ्या खोल जखमेला व्हॅक्यूम ड्रेसिंग (यंत्राने स्राव ओढून घेणारी पट्टी) किंवा फ्लॅपची शस्त्रक्रिया (शेजारचं मांस-कातडी वळवून जखम झाकणं) लागू शकते. जखमेवर फिरवलेला कापूस (स्वॅब) जंतूंसाठी तपासायला पाठवण्याचा आग्रह धरू नका. प्रत्येक उघड्या जखमेत जंतू असतातच, आणि लक्षणं नसताना अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही. जाताना मापांची वही, फोटो, वेळापत्रक आणि चालू औषधं घेऊन जा.

भरल्यानंतर

जखम बंद झाली म्हणजे कातडी पूर्वीसारखी झाली असं नाही. नव्या कातडीची ताकद पुढे हळूहळू वाढते आणि पूर्ण भरल्यावरही मूळच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच पोचते. म्हणून त्या जागेवर लगेच भार टाकू नका. पहिल्या दिवशी 15 मिनिटं, लगेच वळवून बघा. डाग अर्ध्या तासात गेला तर दुसऱ्या दिवशी 15 मिनिटं वाढवा. डाग टिकला तर एक पाऊल मागे या. वेळापत्रक भिंतीवर तसंच राहू द्या, आणि सहीचा रकाना रिकामा राहिला की त्याच दिवशी पाठ बघा.